आल्विनचा कान

नोरेल टॅप्सेलच्या सलूनमध्ये गुरुवारी दुपारी चारची वेळ कुणालाच मिळत नसे. भेटींच्या वहीत त्या रकान्यात नऊ वर्षं नुसती आडवी रेघ होती. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "तेव्हा मी चहा पिते." आणि पीतही असे, पण खुर्चीकडे पाठ करून.

आमच्या गिजी क्रॉसिंग या गावात केस कापणारं दुसरं कुणी नाही. पुढचं सलून दोनशे किलोमीटरवर, आणि तिथली बाई केस कापत नाही, भादरते, असं आमच्या लोकांचं ठाम मत आहे. त्यामुळे पस्तीस वर्षं गावातलं आणि आसपासच्या मेंढ्यांच्या कुरणांवरचं प्रत्येक डोकं नोरेलच्या हाताखालून गेलं. कुणाला टक्कल पडायला लागलंय, कुणाच्या डोक्यावर बाटली फुटल्याची खूण आहे, कोण केस रंगवून "आमच्या घराण्यात पिकतच नाहीत" म्हणतो, हे सगळं तिला ठाऊक. पण तिच्या तोंडून कधी काही बाहेर पडलं नाही. खुर्चीत दिसलेलं खुर्चीतच राहायचं. जिथे संध्याकाळी काय शिजलं हे शेजारच्या तीन घरांना माहीत असतं, अशा गावात ही लहान गोष्ट नव्हे. नोरेलला त्याचा अभिमान होता. तिचा घात याच अभिमानानं केला, असं माझं मत आहे.

आल्विन हार्टविग दर सहाव्या गुरुवारी चार वाजता यायचा. धिप्पाड माणूस, गावापासून चाळीस किलोमीटरवर कुरण, साडेचार हजार मेंढ्या. दारातून येताना टोपी काढायचा आणि म्हणायचा, "नोरेल, आहे तेवढंच काप, नवीन उगवत नाही आता." दर वेळी हेच. तीही दर वेळी हसायची.

टोपीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडच्या पुरुषांना रुंद काठाची टोपी लागते, ते ठीक. पण नवी टोपी आणली की किटलीच्या वाफेवर धरून दोन्ही बाजूंचा काठ वर वळवायचा, ही इथली जुनी हौस. काठ सपाट ठेवणारा तो शहरातला, किंवा पाद्री. तर डोळ्यांवर सावली, कपाळावर सावली, आणि दोन्ही कान सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उघडे. आल्विनच्या टोपीचा काठ तर इतका वळलेला की त्यात पावसाचं पाणी साठलं असतं. अर्थात, पाऊस पडला असता तर.

कात्री कानाभोवती फिरवायची तर कान दोन बोटांत धरून खाली दुमडावा लागतो. नोरेलनं तो कान असा किती वेळा धरला असेल, कुणास ठाऊक. एका गुरुवारी डाव्या कानाच्या वरच्या कडेवर बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. पांढरट खपली, मिठाच्या खड्याएवढी.

"हे काय झालंय?"

"कुंपणाची तार लागली," आल्विन म्हणाला.

सहा आठवड्यांनी खपली तिथेच. त्यानंतरच्या खेपेला थोडी मोठी. तार अजून लागतेच आहे का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण मागच्या बाकावर दोन माणसं बसली होती, आणि आल्विन लिलावात मेंढा विकल्याचा किस्सा रंगवून सांगत होता. राहिलं. पुढे एकदा कंगव्याचा दात अडकला आणि रक्त आलं. तिनं तुरटीची कांडी दाबून धरली. आल्विन आरशातून डोळा मिचकावून म्हणाला, "इतक्या मेंढ्यांच्या कानांना मालकीच्या खुणा पाडल्या, आता माझी पाळी." सगळे हसले. तीही हसली. रक्ताचा डाग पडलेला त्याच्या गळ्याभोवतीचा कपडा तिनं त्या संध्याकाळी दोनदा धुतला.

असं दोन वर्षं चाललं. आणि मग, नोरेलच्या सुदैवानं म्हणा की दुर्दैवानं, एका खेपेला कान गुळगुळीत. खपली गेलेली, त्या जागी गुलाबी, चकचकीत कातडी. तिला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तिनं आल्विनच्या भुवयासुद्धा कापून दिल्या. बरं झालं बोलले नाही, असं तिच्या मनात आलं. हे वाक्य तिला पुढे फार महागात पडलं.

पाच महिन्यांनी कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर गाठ आली. आल्विन म्हणाला दात असेल. त्यानंतरच्या गुरुवारी तो आला नाही. किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात त्याचा अर्धा कान काढला, कानाखालची ग्रंथी काढली, किरणं दिली. चौदा महिन्यांत माणूस गेला.

अंत्यविधीनंतर चर्चशेजारच्या दालनात चहा होता. अंड्याची सँडविचं, नारळ लावलेले केकचे तुकडे, नेहमीचं. आल्विनची बायको ओटिली बशी हातात घेऊन सरळ नोरेलसमोर येऊन उभी राहिली.

"नोरेल, दर सहा आठवड्यांनी त्याचा कान तुझ्या हातात असायचा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची डोकी वळली. "तुला काहीच दिसलं नाही?"

"नाही गं ओटिली," नोरेल म्हणाली. "तसं काहीच नव्हतं."

इतक्या सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. ओटिलीनं बशी टेबलावर ठेवली आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिनं सलूनची पायरी चढली नाही. केस घरीच, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापायची, आणि ते मागून कुणालाही कळायचं.

नऊ वर्षं. लोक म्हणतात की मेलेला माणूस डोळ्यांपुढे दिसतो. नोरेलला आल्विन कधी दिसला नाही. तो तिच्या बोटांत होता, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात; ती डावखुरी, कान उजव्यानं धरायची. पीठ मळताना, किल्ली फिरवताना, कपाची कड धरताना मधेच तिथे तो कान यायचा. पातळ, कठीण, आणि कडेवर खरखरीत. ती हात झटकायची, हातातली वस्तू बदलायची, साबण लावायची. जायचा नाही.

आणि ती खुर्ची. जुनी, पायानं दाबून वर करायची खुर्ची, आतलं तेल गळायचं. वर करून ठेवली की तासाभरात 'हिस्स' करून आपोआप खाली यायची, कुणी टेकल्यासारखी. ती दिवसभरात पाच वेळा खाली यायची हे नोरेलला पक्कं ठाऊक होतं. पण गुरुवारी चारच्या सुमाराला आली की तिच्या हातातला चहा हिंदकळायचा. नवी खुर्ची घेण्याइतके पैसे तिच्याकडे होते. का घेतली नाही, हे विचारू नका.

या वर्षांत तिनं केलं काय? दवाखान्यातल्या परिचारिकेकडून एक मोठं चित्र आणून आरशाशेजारी लावलं: उन्हापासून जपा, कान विसरू नका. गल्ल्याजवळ उन्हाच्या मलमाची बाटली ठेवली, फुकट. म्हणजे भिंतीला बोलायला लावलं. स्वतः तिनं कुणाच्या कानाबद्दल अक्षर काढलं नाही. मी काही तिची फार कड घेणार नाही. ती भ्याली होती. आज एकाला सांगितलं तर तेव्हा का नाही सांगितलं, हा प्रश्न येणारच होता.

तो प्रश्न एका गुरुवारी चार वाजता स्वतःच्या पायांनी आला.

दारावरची घंटी वाजली. नोरेलनं वळून पाहिलं आणि कप खाली ठेवायला तिला टेबल सापडेना. दारात तीच चाल, तेच खांदे, हातात तीच काठ वळवलेली टोपी. आल्विनचा मुलगा गार्थ. चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. बाप गेल्यापासून त्याचे केस आई कापायची, त्यामुळे तो इकडे फिरकला नव्हता.

"रिकामीच दिसतेस," तो म्हणाला.

"चहा घेतेय."

"चहा पळून जाणार आहे का? शनिवारी शर्यती आहेत. या वर्षी मी अध्यक्ष, करंडक माझ्या हातून द्यायचाय. टॅम्सिन म्हणाली, असलं डोकं घेऊन माझ्या शेजारी उभा राहिलास तर मी घोड्याशेजारी उभी राहीन." टॅम्सिन म्हणजे त्याची बायको. "आईला सांगू नकोस हं, इथे आलो म्हणून."

"तुझी आई माझ्याशी बोलते कुठे?"

"तेही खरंच," म्हणून तो बसला.

नेहमी ती डावीकडून सुरुवात करायची. त्या दिवशी उजवीकडून केली. उजवी बाजू तिनं इतकी सावकाश कापली की गार्थ म्हणाला, "एकेक केस मोजून कापतेस काय?" मग डावी बाजू आली. दुसरा इलाज नव्हता. तिनं कंगवा दातांत धरला, दोन बोटं पुढे केली आणि कान दुमडला.

डोळ्यांआधी बोटांना कळलं. कातडी गुळगुळीत होती, गुलाबी, चकचकीत, नखाएवढ्या जागेत. आणि तिच्याखाली मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कठीण, घट्ट रुतलेलं. कातडी सरकवली तरी ते सरकत नव्हतं.

"गार्थ," तिनं कंगवा तोंडातून काढला. "इथे काय झालं होतं?"

"काही नाही. खपली होती. चीक लावला, गेली."

"कसला चीक?"

"दुधी तणाचा, दुसरा कसला? असं काय विचारतेस, तुझ्या बापानं नाकाला लावला नव्हता?"

लावला होता. आमच्याकडे सगळेच लावतात. परसात सावलीला आपोआप उगवणारं बोटभर उंचीचं हिरवं तण. देठ मोडला की पांढरा चीक येतो. उन्हानं आलेल्या खपलीवर लावला की जागा भाजते, फोड येतो आणि आठवड्याभरात नवी कातडी. डॉक्टर पाचशे किलोमीटरवर असतात, तण दाराशी असतं.

"गेली नाही ती," नोरेल म्हणाली. "आत आहे."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"मंगळवारी डॉक्टरांचं विमान येतंय. डॉक्टरीणबाईंना दाखव."

"मंगळवारी लोकर कापणारी टोळी येतेय माझ्याकडे."

"मेंढीचा कान असा लागला असता तर काय केलं असतंस?"

"त्याच दिवशी ट्रकमध्ये घातली असती," तो हसला. "मला घालतेस का ट्रकमध्ये?"

"हसू नकोस. तुझ्या बापाचाही असाच गुळगुळीत झाला होता."

बोलून गेल्यावर तिला ऐकू आलं. गार्थचं हसणं आरशात जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणालीस?"

तिची नजर कानावरून हलली नाही.

"आईनं विचारलं तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो," गार्थ म्हणाला. "तू म्हणालीस काहीच नव्हतं. मग गुळगुळीत काय झालं होतं?"

अजून वेळ गेलेली नव्हती. लोक म्हणायचे, असं म्हणता आलं असतं. नंतर कुणीतरी सांगितलं, असंही चाललं असतं. गार्थ काही खोदून विचारणारा माणूस नाही. त्यानं मान डोलावली असती, केस कापून घेतले असते, आणि तो दाणा कानात घेऊन घरी गेला असता. नोरेलला हे सगळं दिसत होतं. बोटं अजून कानावर होती. खुर्ची 'हिस्स' करून दोन बोटं खाली उतरली, आणि तिच्या तोंडून निघालं.

"मी खोटं बोलले होते. मला दिसलं होतं. दोन वर्षं दिसत होतं. खपली होती, एकदा माझ्या कंगव्यानं रक्त आलं. मी बोलले नाही. मग ती जागा गुळगुळीत झाली आणि मला वाटलं सुटले. गार्थ, तुझी अगदी तशीच आहे. बोटाला तशीच लागते. मला काय हव्या त्या शिव्या दे, पण मंगळवारी जा."

गार्थ उठला. गळ्यातला कपडा ओढताना गाठ सुटेना, तेव्हा त्यानं तो फाडला. टोपी घातली. दाराशी जाऊन थांबला.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं आई म्हणतेय, तिला दिसलं असणार. आणि आम्ही तिला समजावतोय, सोड, नोरेल खोटं बोलणारी बाई नव्हे."

घंटी वाजली. जमिनीवर उजव्या बाजूचेच केस पडले होते.

शनिवारी सगळा गाव शर्यतीच्या मैदानावर. करंडक द्यायच्या आधी राष्ट्रगीत झालं, टोप्या उतरल्या, गार्थलाही उतरवावी लागली. उजवीकडे चकाचक, डावीकडे झुडूप. भोंग्यावर बोलणाऱ्यानं संधी सोडली नाही: "अध्यक्षमहाशय, अर्ध्यातच मेंढी सुटली वाटतं!" लोक पोट धरून हसले. टॅम्सिननं सकाळी नखाच्या कात्रीनं ती बाजू सारखी करायचं म्हटलं होतं, पण गार्थ कुणाला त्या बाजूला हात लावू देत नव्हता. नोरेल चहाच्या तंबूत उभी होती. ती हसली नाही. गार्थचा डावा हात सारखा कानाकडे जातोय, हे तिनं एवढ्या लांबूनही पाहिलं.

मंगळवारी तिनं सलून बंद ठेवलं, विमानपट्टीशेजारच्या पत्र्याच्या दवाखान्यात गेली आणि नऊ वाजल्यापासून बाकावर बसून राहिली. परिचारिकेनं विचारलं, "तुझं नाव नाही यादीत. तुला काय होतंय?"

"काही नाही. बसलेय."

"उगीच?"

"उगीच."

विमान तीन वाजता परत जातं. बारा वाजले, एक वाजला. लहान मुलं, गरोदर बाया, गुडघे दुखणारे म्हातारे येऊन गेले. दोन वाजता परिचारिकेनं तिला चहा आणि बिस्किट दिलं, काही न विचारता. अडीचला बाहेर गाडी थांबली. गार्थ आत आला, अंगाला लोकरीचा तेलकट वास, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तुझ्यासाठी आलो नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"टोळीला तशीच सोडून आलो. कामात लक्ष नाही. पाच दिवस हात तिथेच जातोय. गाडी चालवताना, जेवताना. आत कठीण लागतं. आधी लागत नव्हतं. तू लावून दिलंस."

"माझाही जातो," नोरेल म्हणाली.

तिच्या कानाला तर काही झालेलं नव्हतं. गार्थनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं मांडीवर घट्ट धरलेल्या उजव्या हाताकडे. मग आतून त्याचं नाव पुकारलं गेलं.

डॉक्टर लिएन वो बुटकी, घाईची बाई, पण हात सावकाश. भिंग लावून पाहिलं, कान दुमडून पाहिला, मग मान चाचपली, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ. बाहेर नोरेलला सगळं ऐकू येत होतं. पत्र्याच्या भिंती त्या. "चीक वरचं जाळतो," डॉक्टर म्हणत होती. "खाली असेल ते जाळत नाही. वर झाकण बसतं, आणि खाली काय चाललंय ते कळत नाही. कुणी ओळखलं हे?"

आत खुर्ची करकरली. मग गार्थचा आवाज: "केस कापणाऱ्या बाईनं."

"चांगली बोटं आहेत," डॉक्टर म्हणाली. नोरेल उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. ते शब्द तिला सहन होईनात.

सुईनं कान बधिर करून एक तुकडा काढला, तो किनाऱ्यावर गेला. दहा दिवसांनी निकाल आला. कातडीचा कॅन्सर, वाढणारा, कानाच्या कूर्चेला भिडलेला. त्याच महिन्यात मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. केकचा तुकडा काढावा तसा कानाच्या कडेचा तिकोनी भाग काढला आणि दोन्ही टोकं ओढून शिवली. मानेतल्या गाठी तपासल्या, साफ निघाल्या. तरी दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं, कारण हे कधी कधी उशिरा डोकं वर काढतं. गार्थ परत आला तेव्हा डावा कान उजव्यापेक्षा आखूड, वरून चपटा. कुणी टक लावून पाहिलं की म्हणायचा, "माझी खूण पाडलीय, आता कुणी चोरणार नाही." बापाचाच विनोद, थोडा फिरवून. टोपीचा काठ त्यानं वाफेवर धरून पुन्हा सपाट केला. शहरातला म्हणा नाहीतर पाद्री म्हणा, त्यानं कुणाची पर्वा केली नाही.

आणि मग एका गुरुवारी चार वाजता ओटिली आली.

चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, मागचे केस पायऱ्या पायऱ्यांचे. आत येऊन तिनं दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली. नोरेल कप हातात घेऊन उभी.

"गार्थनं सांगितलं," ओटिली म्हणाली.

"हो."

"किती वर्षं दिसत होतं?"

"दोन."

"आणि मला नाही म्हणालीस. माझ्या नवऱ्याला पुरून आले होते मी तेव्हा."

"हो," नोरेल म्हणाली. "नाही म्हणाले." आणखी काही बोलायचं तिनं मनाशी ठरवलं होतं, नऊ वर्षं ठरवत होती. त्यातलं काही आठवेना. "माझी चूक झाली, ओटिली. तोंड उघडलं असतं तर तो असता."

आता मारते की काय, असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण ओटिली खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची 'हिस्स' करून खाली गेली.

"अजून अशीच आहे ही?"

"तेल गळतं."

"तो सांगायचा." ओटिलीनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. बोटांची टोकं लाल, सोललेली होती. "चीक मी लावायचे."

नोरेलला आधी कळलंच नाही.

"आल्विनला. रोज संध्याकाळी, जेवणाआधी. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर कान माझ्याकडे करून बसायचा, शाळेतल्या पोरासारखा. मी आगकाडीच्या टोकानं लावायचे. धुण्याच्या पाण्यावर ते तण मी जगवलं, सगळं परस वाळलं तरी. मग कान गुळगुळीत झाला. मला वाटलं, मी जिंकले. थांबले लावायची." तिचा आवाज अजूनही तसाच, सपाट. "इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, काही लावत होता का यावर? मी म्हणाले नाही. आल्विन माझ्याकडे पाहत होता. तोही काही बोलला नाही. मला सांभाळून घेतलं त्यानं. मरता मरता."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. काचा थरथरल्या.

"मग त्या दालनात मी तुला विचारलं. तू हो म्हणाली असतीस ना, तर माझ्या एकटीवर राहिलं नसतं. एवढंच हवं होतं मला. तू नाही म्हणालीस, आणि घरात मी म्हणत राहिले, तिला दिसलं असणार; पण रात्री विचार यायचा: खरंच दिसलं नसेल, तर माझ्याशिवाय कुणालाच दिसलं नाही."

"ओटिली..."

"थांब. सगळं ऐक. गार्थच्या कानावर खपली आली तेव्हा मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आल्विनच्या वेळी मी लवकर थांबले. म्हणून गार्थला दुप्पट लावला. दोन महिने. माझ्या हातानं." तिनं ती सोललेली बोटं उलटी करून पाहिली. "काल सगळं तण उपटलं. हातमोजे घातले नाहीत. चरचरू दे म्हटलं."

नोरेलनं कप ठेवला. तिनं खणातून धुतलेला कपडा काढला, ओटिलीच्या गळ्याभोवती बांधला, तिची बोटं कपड्याबाहेर राहतील असा. केस ओले केले. कंगवा फिरवला. डावीकडून सुरुवात केली. कान दोन बोटांत धरला, दुमडला, पुढून पाहिला, मागून पाहिला, कड बोटानं चाचपली.

"काही नाही," ती म्हणाली. "साफ आहे."

"बघून सांगतेस ना?"

"बघून सांगते."

दुसरा कानही तसाच पाहिला. ओटिलीनं डोळे मिटले होते. कात्री जरा वेळ चालली. मग ओटिलीनं डोळे न उघडताच विचारलं, "नोरेल, त्याचा कान तुझ्या बोटांना कसा लागायचा?"

नोरेलचा हात थांबला. नऊ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारू शकेल असं या पृथ्वीवर दुसरं कुणी नव्हतंच.

"गार," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यातसुद्धा गार. बाहेरून चटके घेऊन यायचा, मान तापलेली असायची, पण कान गार."

"हो," ओटिली म्हणाली. "हो ना. गार." तिचे मिटलेले डोळे भरून वाहायला लागले, आणि कपड्याखालून बाहेर आलेला हात कुणाला तरी शोधत हवेत वर आला. "मला वाटत होतं, ते मी मनानंच रचलंय."

नोरेलनं तो हात आपल्या उजव्या हातात घेतला. बोटं चिकानं भाजलेली होती म्हणून तिनं अगदी हलके धरली. कात्री दुसऱ्या हातात तशीच राहिली, आणि मागचे केस अर्धे कापलेले.